स्लॅबवरून पांढरी पूड निघते म्हणून ओपीसीकडे पळू नका: सिमेंटचा कार्बन वाढवणाऱ्या या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात चंद्रपूरला एका घराच्या स्लॅबवर मला बघायला बोलावलं होतं, स्लॅब टाकून १८ दिवस झाले होते. मालकांचं म्हणणं असं की राखेचं सिमेंट वापरलं म्हणून स्लॅब कच्चा राहिला, खिळा ओढला की पांढरी पूड निघते, आता वरचा मजला ओपीसी ५३ मध्येच, म्हणजे राख न घातलेल्या साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये, करायचा आणि शिवाय दर क्युबिक मीटरला एक गोणी जास्त टाकायची. ठेकेदार पण तयार होता. मी वर गेलो, उन्हातल्या भागावर खिळा ओढला, खरंच पूड निघाली, बोट फिरवलं तर बोट पांढरं. मग कडुनिंबाची सावली पडते त्या कोपऱ्यात गेलो, तिथे कामगार दुपारी जेवायला बसायचे म्हणून गोणपाटं अंथरलेली होती आणि पाण्याच्या ड्रमचा नळ गळत असल्यामुळे ती कायम ओली. तिथे तोच खिळा, तेवढाच जोर, आणि खिळा नुसता घसरला. राखाडी रेघ उमटली, पूड नाही.

सिमेंट एकच, मिस्त्री तोच, दिवसही तोच. स्लॅब कच्चा राहिला तो मे महिन्याच्या उन्हाने आणि पाणी मारायच्या आळसाने, पण शिक्षा मिळणार होती सिमेंटला. आणि हे मी एकाच साइटवर नाही, वर्षानुवर्षं बघतोय. मी आधी सिमेंट प्लांटच्या लॅबमध्ये होतो, आता साइटवर क्वालिटीचं काम बघतो, त्यामुळे दोन्ही टोकं माहिती आहेत. प्लांटवाले मरमर करून सिमेंटमधलं क्लिंकर, म्हणजे सगळ्यात जास्त कार्बन सोडणारा भाग, कमी करतात आणि साइटवर आपण एका आठवड्याच्या निष्काळजीपणात ते सगळं परत वाढवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडा हिशोब, कारण तो कळला नाही तर बाकीचं पटणार नाही

बहुतेकांना वाटतं सिमेंटचा कार्बन म्हणजे भट्टीत जळणारा कोळसा. तो आहेच, पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड दगडातून निघतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी सोलरवर चालवा, हायड्रोजनवर चालवा, हे ४४ किलो निघणारच, कारण ते दगडातच आहे. क्लिंकर म्हणजे भट्टीतून १४५० डिग्रीला भाजून निघणाऱ्या त्या काळपट गोट्या. एक टन क्लिंकरमागे दगडातून साधारण ५०० किलोच्या वर आणि इंधनातून ३०० किलोच्या आसपास असं मिळून ८०० किलोच्या थोडं वर जातं. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात आणि सिमेंट बनवण्यात चीननंतर आपलाच नंबर.

आता हे गोणीवर आणू. ओपीसीच्या ५० किलोच्या गोणीत जवळपास सगळं क्लिंकरच, थोडं जिप्सम, म्हणजे गोणीमागे ४० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पीपीसीत, म्हणजे राखेच्या सिमेंटमध्ये, औष्णिक केंद्राची राख असते, आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के, ३० टक्के धरली तर गोणीमागे २७ किलोच्या आसपास. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची स्लॅग निम्म्याच्या वर असली तर १६ ते १८ किलो. दळायची वीज आणि वाहतूक मी धरली नाही, हा ढोबळ हिशोब आहे, पण फरक कुठे पडतो ते कळायला पुरे.

त्या चंद्रपूरच्या स्लॅबला हा हिशोब लावला. हजार स्क्वेअर फूट, पाच इंच जाडी, बीम सोडून पावणेबारा क्युबिक मीटर, क्युबिक मीटरला ७ गोण्या म्हणजे ८२ गोण्या पीपीसी, साधारण २२०० किलो कार्बन डायऑक्साइड. मालक म्हणतात तसं ओपीसी आणि वर एक गोणी जास्त केलं तर ९४ गोण्या, ३७०० किलोच्या वर. एका घराच्या एका स्लॅबला दीड टन जास्त, आणि तेही ज्या कारणाने स्लॅब कच्चा राहिला ते कारण तसंच ठेवून. डिझाइन मिक्स केलं, म्हणजे लॅबमध्ये चाचणी करून प्रमाण ठरवलं, तर ओपीसी थोडी कमी लागू शकते हे खरं आहे, पण घरगुती कामात ओपीसी आणली म्हणून गोण्या कमी करणारा माणूस मी तरी बघितला नाही.

५३ आकडा बघून सिमेंट निवडणं

दुकानात गेलं की ५३ मागायचं, ही सवय इतकी पक्की आहे की पीपीसी दिली तर लोकांना भेसळ दिल्यासारखं वाटतं. ५३ हा सिमेंटच्या मॉर्टरच्या ठोकळ्याच्या २८ दिवसांच्या ताकदीचा आकडा आहे, मेगापास्कलमध्ये. तुमच्या घराचं काँक्रीट एम २० किंवा एम २५, म्हणजे लागतात २० किंवा २५. पीपीसीला २८ दिवसांचं बंधन किमान ३३ चं आहे आणि बाजारातली चांगली पीपीसी प्रत्यक्षात त्याच्या बरीच वर जाते. फरक आहे तो वेगाचा. ओपीसी ५३ ला तीन दिवसात २७ यावे लागतात, पीपीसीला १६. म्हणजे पीपीसी कमी दमाची नाही, सावकाश चढणारी आहे, आणि २८ दिवसांनंतरही चढत राहते.

हा वेग कमी का, ते एकदा समजलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. राख नुसत्या पाण्याने कडक होत नाही. क्लिंकरचं पाण्याशी लग्न लागलं की त्यातून चुना सुटतो, त्या सुटलेल्या चुन्याला राख हळूहळू धरते आणि त्यातून आणखी चिकट पदार्थ तयार होतो जो काँक्रीटमधली बारीक भोकं बुजवतो. म्हणून तर चांगलं पाणी मिळालेलं राखेचं किंवा स्लॅगचं काँक्रीट कमी झिरपतं आणि कोकणात, मुंबईत, समुद्राच्या खाऱ्या हवेत सळया गंजायच्या वेगात फरक पडतो. जे घर २५ वर्षात स्लॅब गळून पाडावं लागतं त्याचं सिमेंट दोनदा जळतं, हा हिशोब कोणी मांडतच नाही.

ओपीसी कुठेच नको असं मी म्हणत नाही. प्रीकास्टवाल्यांना रोज साचे मोकळे करायचे असतात, कुठे तातडीची दुरुस्ती असते, तिथे ती लागते. आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवर ओपीसी घेऊन त्यात वेगळी राख किंवा स्लॅग घालतात, ते तर उत्तमच. पण दोन मजली घराच्या गिलाव्याला ओपीसी ५३ वापरणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. उलट जास्त गरमी, जास्त आकसणं आणि भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. स्ट्रक्चरल कन्सल्टंट मंडळींनाही विनंती आहे, जुन्या टेंडरमधून 'ओन्ली ओपीसी ५३' ही ओळ कॉपी होत होत येते, ती एकदा तपासून घ्या, खरंच हवी आहे का.

पाणी मारण्यात चूक, सगळ्यात मोठी हीच

आयएस ४५६ मध्ये स्पष्ट लिहिलंय, ओपीसीला किमान ७ दिवस ओलं ठेवा, राखेच्या किंवा स्लॅगच्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि शक्यतो १४ दिवसांपर्यंत न्या. साइटवर होतं काय, सिमेंट बदललं पण सवय ओपीसीचीच राहिली, तीही धड ७ दिवसांची नाही. चार दिवस सकाळ संध्याकाळ पाईपने शिंपडतात, दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो, पाचव्या दिवशी विटा वर चढवतात. ओपीसी एवढं कसंबसं सहन करते कारण तिचं बरंचसं काम पहिल्या आठवड्यात उरकलेलं असतं. राखेचं खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच आपण तिचं पाणी तोडतो. मग पूड निघणार नाही तर काय होणार.

शिंपडणं म्हणजे क्युरिंग नाही, हे मी प्रत्येक साइटवर सांगतो. स्लॅबवर मॉर्टरची आळी बांधून दोन इंच पाणी उभं ठेवा. पाण्याची टंचाई असेल, मराठवाड्यात आणि विदर्भात असतेच, तर गोणपाट अंथरून भिजवायचं आणि वरून प्लॅस्टिकचा कागद टाकून कडेला विटा ठेवायच्या, पाणी दिवसात एकदा दिलं तरी पुरतं कारण उडतच नाही. कॉलमला तर कोणी बघतच नाही, सेंट्रिंग उघडलं की सरळ उन्हात. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळी बांधा, वरच्या टोकाला भोक पाडलेली पाण्याची बाटली उलटी टांगा, थेंब थेंब उतरत राहतं. खर्च शून्य.

आणखी एक गोष्ट, पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायचं हा जो नियम बनून गेलाय ना तो उन्हाळ्यात चालत नाही. चंद्रपूर नागपूरकडे ४५ डिग्रीत, कोरडा वारा, सकाळी ११ ला स्लॅब ओतला तर दुपारपर्यंत वर बारीक तडे दिसायला लागतात, कधी वितभर लांब, एकमेकांना समांतर. मालक घाबरतो, सिमेंट खराब आलं म्हणतो. ते सिमेंट खराब नसतं, वरचं पाणी खालून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडालेलं असतं. तडे दिसले तेव्हा काँक्रीट अजून ओलसर असेल, अंगठा दाबल्यावर ठसा उमटत असेल, तर लगेच परत रंधा मारून घ्या, तडा मिटतो, आणि ताबडतोब प्लॅस्टिक टाका. कडक झालं असेल तर नंतर सिमेंटची स्लरी भरून घ्यावी लागते. पण मुळात उन्हाळ्यात स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी टाका, फिनिशिंग जिथे संपलं तिथून मागे मागे कागद टाकत या, मग ही वेळ येत नाही.

आणि कृपा करून वर आलेलं पाणी शोषायला कोरडं सिमेंट भुरभुरू नका. मिस्त्रीला वाटतं वरचा थर घट्ट होईल, होतं उलटं, तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि दोन गोण्या वाया जातात त्या वेगळ्या. पाणी वर आलंय तर थांबा, ते उडू द्या, मग रंधा मारा.

त्या चंद्रपूरच्या स्लॅबचं काय केलं ते सांगतो. आधी खालून तपासलं, कारण सेंट्रिंगने खालची बाजू झाकलेली असते, ती सुकत नाही. खालून हॅमरचे (काँक्रीटवर ठोकून कडकपणा मोजायच्या उपकरणाचे) रीडिंग चांगले आले, म्हणजे कच्चा होता तो फक्त वरचा दोन तीन मिलिमीटरचा थर. मग पूड झाडून काढली, गोणपाट अंथरलं, वर कागद टाकला आणि दोन आठवडे परत भिजवलं. उशिरा दिलेल्या पाण्याने पूर्ण भरपाई होत नाही, पण पाणी न मिळालेलं सिमेंट आणि राख आत असते ती परत कामाला लागते. १४ दिवसांनी खिळा ओढला तेव्हा पूड बरीच कमी होती. वरचा मजला पीपीसीतच झाला, फक्त कागद आणि गोणपाट आधीच आणून ठेवले होते.

सात दिवसांचा क्यूब कमी आला, टाका एक गोणी जास्त

हे आरएमसीवर आणि मोठ्या साइटवर जास्त होतं. ओपीसीत सात दिवसांचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा, २८ दिवसांच्या साधारण ६५-७० टक्के येतो, ही फूटपट्टी डोक्यात बसलेली असते आणि तीच पीपीसीला किंवा स्लॅगच्या मिक्सला लावतात. तिथे सातव्या दिवशी याहून कमी येणार हे अपेक्षितच आहे. पण रिपोर्टमध्ये कमी आकडा दिसला की फोन फिरतात, पुढच्या गाडीपासून सिमेंट वाढतं, आणि एकदा वाढलेलं सिमेंट परत कोणी कमी करत नाही. सहा महिन्यांनी २८ दिवसांचे निकाल काढून बघितले तर एम २५ चं काँक्रीट ३८-४० देत असतं आणि कोणाच्या लक्षातही नसतं.

क्यूब कमी आला तर सिमेंटला हात लावायच्या आधी क्यूबकडे बघा. साच्यात काँक्रीट तीन थरात भरून नीट कुटलं होतं का, का घाईत एकदाच ओतलं. साचा उघडल्यावर क्यूब थेट २७ डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात गेला का साइट ऑफिसच्या मागे दोन दिवस उन्हात पडून होता. साचा वाकडा असला तर क्यूबच्या बाजू सपाट येत नाहीत आणि मशिनमध्ये कोपऱ्यावर भार पडून लवकर फुटतो. फुटलेला क्यूब फेकू नका, आतून बघा, खडीचा मेळ दिसतो, भोकं दिसतात, सगळं कळतं. मी लॅबमधून साइटवर आलो तेव्हा पहिल्या वर्षी मीच अशी एक बॅच सिमेंटवर ढकलली होती आणि नंतर कळलं की क्यूब भरणारा मुलगा नवीन होता, त्याला कुटायची सळईच कोणी दिली नव्हती. तेव्हापासून आधी भरणाऱ्याला विचारतो, मग सिमेंटला.

आणि मिक्स ठरवतानाच पहिले दोन महिने ७, २८ आणि जमलं तर ५६ दिवसांचे क्यूब काढून तुमच्या मिक्सची स्वतःची फूटपट्टी बनवा. मग सातव्या दिवशी किती यायला हवेत ते तुमच्याच आकड्यावरून कळेल आणि अशी घबराट होणार नाही.

राखेवर राख

पीपीसीमध्ये राख आधीच असते. तरी कुठेकुठे आरएमसीच्या सायलोत (सिमेंट साठवायच्या टाकीत) ओपीसी संपली म्हणून पीपीसी भरतात आणि रेसिपी मात्र तीच ठेवतात ज्यात आणखी २५-३० टक्के राख पडते. एकूण राख ४५ टक्क्यांच्या पुढे जाते, काँक्रीट रात्रभर बसत नाही, सकाळी पाय रुततो. मग गाव जमा होतं आणि निष्कर्ष निघतो की राख वाईट. सायलो बदलला तर रेसिपी बदला, एवढीच गोष्ट आहे.

राख कोणती तेही बघा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ इथे चिमणीच्या आधी गाळून घेतलेली कोरडी बारीक राख वेगळी आणि तळ्यात सोडलेली ओली राख वेगळी. तळ्यातली राख भरावाला, विटांना ठीक, काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी नाही. कोरड्या राखेतही न जळलेला कोळसा जास्त असेल तर रंग काळपट दिसतो आणि तो कोळसा तुमचं महागडं ॲडमिक्श्चर (काँक्रीट पातळ ठेवणारं औषध) पिऊन टाकतो, मग काँक्रीट घट्ट होतं आणि ड्रायव्हर पाण्याचा नळ सोडतो. आयएस ३८१२ मध्ये जळून जाणाऱ्या भागाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. टँकरमागे चिमूटभर राख घेऊन पाण्याच्या ग्लासात टाकून बघा, काळा तवंग वर आला की तो टँकर लॅबमध्ये तपासल्याशिवाय उतरवू नका.

एक बादली पाणी आणि दोन गोण्या सिमेंट

मिक्सरवरचा माणूस काँक्रीट पातळ करतो कारण पातळ काँक्रीट ओढायला सोपं, त्याचा यात काही दोष नाही, उन्हात घमेली वाहणाऱ्याला विचारा. पण ठेकेदाराला माहिती असतं की पाणी वाढलं की ताकद पडते, म्हणून तो भरपाईला सिमेंट वाढवून ठेवतो. पाणी फुकट वाटतं पण त्याची किंमत सिमेंटमध्ये मोजली जाते. एम २० च्या नॉमिनल (ठरलेल्या मापाच्या) मिक्सला गोणीमागे ३० लिटर पाण्याची मर्यादा आहे, आणि पावसाळ्यात ओली रेती स्वतःच गोणीमागे चार पाच लिटर पाणी घेऊन येते ते कोणी वजा करत नाही. शिवाय ओली रेती फुगते, २०-२५ टक्के सहज, त्यामुळे घमेल्याने मोजलं तर रेती कमी पडते आणि सिमेंटचं प्रमाण नकळत वाढतं. म्हणजे जुलैत आणि मार्चमध्ये त्याच मापाने केलेलं काँक्रीट एकच नसतं.

उपाय दोन. एक, वजनाने माप, निदान रेतीचं तरी, साधा काटा साइटवर ठेवला तरी चालतो. दुसरं, पातळपणा हवा असेल तर प्लास्टिसायझर वापरा, गोणीमागे दोन तीनशे मिली लागतं आणि पाणी न वाढवता काँक्रीट चालतं. लोक औषधाला पैसे नाही म्हणतात आणि तेवढ्याच कामाला दोन गोण्या जास्त टाकतात, त्या गोण्यांचे पैसे औषधापेक्षा जास्त होतात.

थंडीतली घाई

डिसेंबर जानेवारीत नाशिककडे, पुण्याकडे रात्रीचं तापमान १० च्या खाली जातं तेव्हा पीपीसी आणि स्लॅग सावकाश चढतात. स्लॅबच्या सेंट्रिंगला साडेचार मीटरच्या गाळ्यापर्यंत ७ दिवस आणि त्यापुढे १४ दिवस हा आकडा ओपीसीसाठी आणि तापमान १५ च्या वर असताना आहे. थंडीत राखेच्या सिमेंटला त्याच दिवशी खोलायला गेलात तर स्लॅब लचकेल आणि परत तेच, सिमेंट खराब. चार दिवस जास्त थांबा, सेंट्रिंगचं चार दिवसांचं भाडं द्या.

आता प्लांटवाल्या मित्रांसाठी

साइटला इतकं बोललो तर घरचंही बोललं पाहिजे. लॅबमध्ये असताना दर शिफ्टला क्लिंकरचा फ्री लाइम, म्हणजे भाजताना न जुळता मोकळा उरलेला चुना, काढायचो. १ ते दीड टक्क्याच्या आसपास यायला हवा. तो ०.४ आला की कंट्रोल रूममध्ये सगळे निवांत, कारण जास्त आला तर ओरडा बसतो आणि कमी आला तर कोणी विचारत नाही. पण ०.४ म्हणजे क्लिंकर जास्त भाजला गेलाय, कोळसा फुकट गेलाय, आणि तो दगडासारखा क्लिंकर दळायला मिलला वीजही जास्त. हातात घेतला तरी कळायचं, जड, चकचकीत, फोडायला हातोडा दोनदा मारावा लागायचा, एक लिटर मापातल्या क्लिंकरचं वजनही नेहमीपेक्षा जास्त भरायचं. फ्री लाइम वर गेला की जेवढी धावपळ होते तेवढीच खूप खाली गेला तरी व्हायला हवी.

दुसरं, फॉल्स एअर. प्रीहीटरच्या (भट्टीआधी कच्चा माल तापवणाऱ्या मनोऱ्याच्या) दारांतून, झडपांतून, फाटलेल्या सीलमधून थंड हवा आत ओढली जाते आणि ती फुकट तापवत बसतो. कॅल्सायनरच्या (चुनखडी भाजली जाते त्या भागाच्या) पुढे ऑक्सिजन ३ टक्के आणि प्रीहीटरच्या बाहेर ६ टक्के दिसत असेल तर साधारण २० टक्के हवा मधूनच शिरली आहे. गळती शोधायला मोठं उपकरण लागत नाही, कान लागतो, शिट्टीसारखा आवाज येतो. दर शटडाऊनला यादी करून बंद करा. हे काम कोणाला दिसत नाही, फोटो निघत नाही, म्हणून मागे पडतं.

तिसरं, शहरातल्या कचऱ्याचं इंधन. चांगली गोष्ट आहे, पण ओला, न निवडलेला कचरा घाईने भट्टीत टाकला की क्लोरीनमुळे प्रीहीटरच्या सायक्लोनमध्ये थर चढतात, जाम होतो, भट्टी बंद, आणि परत तापवताना आठवड्याची बचत दोन दिवसात जळते. आधी सुकवा, निवडा, तपासा, मग प्रमाण हळूहळू वाढवा.

आणि सोलर पॅनल लावले म्हणजे हिरवं सिमेंट झालं असं कोणी सांगत असेल तर दगडातून निघणारा तो ४४ किलो आठवा. वीज हा सिमेंटच्या कार्बनचा छोटा भाग आहे. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट प्लांटवर २०२५ मध्ये धूर पकडून कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचं काम सुरू झालं, वर्षाला ४ लाख टनांची क्षमता, चांगलं आहे, पण खर्चिक आहे. आपल्याकडे आत्ता, आजच्या आज, हातात असलेला मार्ग क्लिंकर कमी करण्याचाच आहे.

भाजलेल्या चिकणमातीचं सिमेंट आलं तर

एलसीथ्री नाव ऐकलं असेल. निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, बाकी जिप्सम. माती ७००-८५० डिग्रीलाच भाजावी लागते आणि तिच्यातून दगडासारखा कार्बन निघत नाही, त्यामुळे ओपीसीपेक्षा ३० ते ४० टक्के कमी. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या आयआयटी मुंबई, दिल्ली, मद्रास यांनी मिळून हे उभं केलं आणि २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानकही आलं. औष्णिक केंद्रं कमी झाली की राखही कमी होणार, तेव्हा हेच कामी येईल असं मला वाटतं.

यात एक चूक आत्ताच सांगून ठेवतो. भाजलेली माती पाणी जास्त मागते, काँक्रीट पहिल्या पाच मिनिटात चिकट वाटतं, हात लगेच पाण्याच्या पाईपकडे जातो. जाऊ देऊ नका, प्लास्टिसायझरचं प्रमाण ट्रायल घेऊन ठरवा. रंग कधी लालसर येतो, मातीतल्या लोहामुळे, त्याने ताकद कमी होत नाही. आणि शेतातली कुठलीही माती भाजून चालत नाही, तिच्यात केओलिन हे खनिज पुरेसं लागतं, साधारण ४० टक्क्यांच्या वर.

गोणीत, गिलाव्यात आणि ड्रममध्ये वाया जाणारं

गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचून घ्या. तीन महिने पडलेलं सिमेंट साधारण २० टक्के दम घालवतं, मग तीच कसर जास्त गोण्यांनी काढतात. जमिनीवर फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, दहापेक्षा जास्त थर नको, पावसाळ्यात वरून ताडपत्री, आणि आधी आलेली आधी वापरा.

गिलाव्याचं तर विचारूच नका. वीटकाम ओळंब्यात नसेल तर १२ मिलिमीटरचा गिलावा २५ चा होतो, हजार स्क्वेअर फूट भिंतीला १:४ च्या मसाल्यात तब्बल ९ गोण्या जास्त जातात, आणि जाड गिलावा पोकळ वाजतो तो वेगळाच. गवंड्याला ओळंबा आणि दोरी वापरायला वेळ द्या, रोजची मजुरी वाचवायला जाऊन हे होतं.

आणि आरएमसीच्या ड्रममध्ये उरलेलं काँक्रीट. सहा क्युबिकची ऑर्डर, साडेपाच लागलं, उरलेलं अर्धं नाल्याच्या कडेला ओततात, त्यात साडेतीन गोण्या सिमेंट असतं. ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा, शेवटची गाडी उरलेली जागा मोजून मगच मागवा. आणि तरी उरणारच, म्हणून साइटवर चार लोखंडी साचे तयार ठेवा, दोन बाय दोन फुटांचे, आत जाळी घालून. आम्ही ठेवतो, गटाराची झाकणं होतात, मागच्या कामावर ४६ निघाली, कंपाउंडच्या आतलं सगळं गटार त्यातच झाकून झालं आणि विकतचं एकही झाकण आणावं लागलं नाही.